फाईलवरची वेळ आणि उन्हाळी घड्याळाचा एक तास

युरोपातील घड्याळे वर्षातून दोनदा हलतात. मार्च महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे येतात. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये हा बदल एकाच क्षणी होतो. त्या क्षणी आपल्याकडे रविवारची सकाळ असते आणि घड्याळात साडेसहा वाजलेले असतात. आपले घड्याळ मात्र जागचे हलत नाही. त्यामुळे लिस्बन किंवा लंडनपासूनचे आपले अंतर हिवाळ्यात साडेपाच तासांचे आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचे असते. पोर्तुगालमध्ये किंवा ब्रिटनमधील स्विंडनसारख्या शहरांत नातलग असलेल्या गोमंतकीय कुटुंबांना हे सवयीने ठाऊक असते. फोन लावण्यापूर्वी मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी होते आणि विषय संपतो.

संगणकालाही हीच बेरीज-वजाबाकी करावी लागते. प्रत्येक फाईलसोबत ती केव्हा तयार झाली, तिच्यात शेवटचा बदल केव्हा झाला याची नोंद असते. तिला टाइमस्टॅम्प म्हणतात. ही नोंद कशी लिहावी आणि वापरकर्त्याला ती कशी दाखवावी याबाबत मात्र सर्व संगणकप्रणालींचे एकमत नाही. परिणामी, एकाच फाईलच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवल्या असता त्यांच्या वेळांत नेमका एका तासाचा फरक दिसतो. काल सारख्या दिसणाऱ्या वेळा आज वेगळ्या दिसतात आणि मधल्या काळात फाईलला कोणी हातही लावलेला नसतो. फरक नुसता दिसण्यापुरता असता तर त्याची फारशी चिंता नव्हती. परंतु कोणती प्रत नवी आणि कोणती जुनी हे ठरवण्याचे काम आपण बहुधा बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमवर सोपवलेले असते. तो या एका तासावर विश्वास ठेवून जुनी प्रत नव्या प्रतीवर लिहून टाकू शकतो.

नोंद लिहिण्याच्या दोन रीती

पहिली रीत अशी की वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे समन्वित जागतिक वेळेत लिहायची. या वेळेला उन्हाळा-हिवाळा नाही आणि देशही नाही. युनिक्स आणि त्याच्या वंशातील लिनक्स १ जानेवारी १९७० या दिवसाच्या आरंभापासून किती सेकंद लोटले ते मोजतात. लिनक्सची एक्स्ट-४ आणि ॲपलची एपीएफएस या आजच्या फाईलव्यवस्था तर सेकंदाचा अब्जावा भागही नोंदवू शकतात. विंडोजच्या एनटीएफएस या फाईलव्यवस्थेचे मोजमाप १ जानेवारी १६०१ पासून सुरू होते आणि त्याचे एकक सेकंदाचा एक कोटीवा भाग आहे. १६०१ हे साल विचित्र वाटते. पण ग्रेगरियन पंचांगाचे चारशे वर्षांचे जे चक्र असते, त्यातील एका चक्राचा तो आरंभ आहे. आरंभबिंदू आणि एकके वेगळी असली तरी या सर्व नोंदी एकाच क्षणाकडे बोट दाखवतात. एकीतून दुसरीत जाणे हा निव्वळ अंकगणिताचा भाग आहे आणि त्यात उन्हाळी घड्याळाचा प्रश्नच उद्भवत नाही.

दुसरी रीत म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात जे दिसते ते तसेच लिहायचे. डॉसच्या काळापासून चालत आलेली फॅट ही फाईलव्यवस्था हेच करते. वैयक्तिक संगणक टेबलावर एकटाच असायचा, त्याला दुसऱ्या देशातील संगणकाशी बोलायचे नसायचे, अशा दिवसांतील ही रचना आहे. दिवसाची वेळ लिहायला तिच्यात अवघे सोळा बिट आहेत: तासांना पाच, मिनिटांना सहा आणि सेकंदांना पाच. पाच बिटांत साठ सेकंद मावत नाहीत, म्हणून सेकंद दोन-दोनच्या पावलांनी मोजले जातात. फॅटवरील फाईलच्या बदलाच्या वेळेत विषम सेकंद कधी आढळत नाही तो यामुळे. तारखेलाही सोळाच बिट, त्यात १९८० ते २१०७ एवढी वर्षे बसतात. ही वेळ कोणत्या गावची, आणि त्या गावी तेव्हा उन्हाळी घड्याळ चालू होते की नाही, हे लिहायला जागाच उरलेली नाही. फॅट जुनी झाली असे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. पेनड्राइव्ह, कॅमेऱ्याची लहान कार्डे, ध्वनिमुद्रणयंत्रे यांत ती आजही सर्रास भेटते, कारण जवळजवळ प्रत्येक यंत्राला ती वाचता येते.

ॲपलनेही ही चूक एकेकाळी केली होती. जुन्या मॅकवरील एचएफएस व्यवस्था स्थानिक वेळ लिहीत असे. १९९८ साली आलेल्या एचएफएस-प्लसने ती ग्रिनिचच्या वेळेवर आणली.

नव्यावर जुने कसे लिहिले जाते

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. समजा, लिस्बनमध्ये नोकरी करणारी एक बहीण जुलै महिन्यात सकाळी १० वाजता घराच्या हिशेबाची फाईल आपल्या विंडोज लॅपटॉपवर साठवते आणि लगेच तिची प्रत पेनड्राइव्हवर घेते. जुलैमध्ये लिस्बनचे घड्याळ यूटीसीच्या एक तास पुढे असते. लॅपटॉपवर एनटीएफएस आहे, म्हणून तेथे ९:०० यूटीसी अशी नोंद होते. पेनड्राइव्हवर फॅट आहे, म्हणून तेथे नुसते १०:०० असे लिहिले जाते. त्यानंतर १० वाजून ४० मिनिटांनी तिला एक चूक सापडते आणि ती लॅपटॉपवरील प्रत दुरुस्त करते. आता लॅपटॉपवरील नोंद ९:४० यूटीसी अशी झाली. पेनड्राइव्हवर चुकीची, जुनी प्रत राहिली.

पाच महिने जातात. डिसेंबरमध्ये ती पेनड्राइव्ह पुन्हा लॅपटॉपला लावते आणि ‘जी नवी असेल ती ठेव’ असे सांगून दोन्ही ठिकाणच्या फाईली जुळवणारा प्रोग्रॅम चालवते. त्याला तुलना करायची तर दोन्ही वेळा एका मापात हव्यात, म्हणून विंडोज पेनड्राइव्हवरची वेळ यूटीसीत बदलून देते. हे करताना ती फाईल कोणत्या ऋतूत लिहिली गेली याचा विचार विंडोज करत नाही. आज घड्याळ यूटीसीच्या किती पुढे आहे एवढेच पाहते. डिसेंबरमध्ये लिस्बनचे अंतर शून्य असते. त्यामुळे १०:०० चे १०:०० यूटीसी होतात, वास्तविक ते ९:०० व्हायला हवे होते. आता पेनड्राइव्हवरील चुकीची प्रत लॅपटॉपवरील दुरुस्त प्रतीपेक्षा वीस मिनिटांनी नवी ठरते. प्रोग्रॅम इमानेइतबारे तिला लॅपटॉपवर लिहितो आणि दुरुस्ती नाहीशी होते. कोणताही दोषसंदेश येत नाही, कारण कोणाच्याही दृष्टीने काही बिघडलेले नसते.

उलट दिशेनेही हेच घडते. जानेवारीत पेनड्राइव्हवर केलेली दुरुस्ती जुलैमध्ये एक तास जुनी भासते आणि जुळवणी करणारा प्रोग्रॅम तिला वगळतो. माझ्या मते हा प्रकार अधिक फसवा. पहिल्या प्रसंगात निदान फाईल बदलल्याचे कधीतरी लक्षात येते. येथे काहीच बदलत नाही आणि बॅकअप पूर्ण झाला असे समजून माणूस निश्चिंत राहतो.

ज्या फाईलींत बदल झालेला नाही, त्यांच्या बाबतीत नुकसान होत नाही, फक्त वेळ जातो. घड्याळ बदलल्यानंतरच्या पहिल्या बॅकअपला सगळ्याच फाईलींत नेमका एका तासाचा फरक दिसतो आणि संपूर्ण साठा पुन्हा कॉपी होऊ लागतो. बॅकअप दर आठवड्याला दहा मिनिटांत आटोपतो आणि एखाद्या सोमवारी अचानक कित्येक तास चालतो, असे दिसले तर दिनदर्शिकेकडे नजर टाकावी.

हा दोष जुना आणि सर्वज्ञात आहे, म्हणून त्यावरचे उपायही प्रोग्रॅममध्येच ठेवलेले आढळतात. विंडोजसोबत येणाऱ्या रोबोकॉपीमध्ये ‘डीएसटी’ नावाचा स्विच आहे. तो दिल्यास एक तासाचा फरक फरक म्हणून धरला जात नाही. ‘एफएफटी’ हा दुसरा स्विच फॅटच्या दोन सेकंदांच्या पावलांकडे काणाडोळा करतो. लिनक्स आणि मॅकवर वापरल्या जाणाऱ्या आरसिंकमध्ये ‘मॉडिफाय-विंडो’ या पर्यायाने किती सेकंदांचा फरक क्षम्य मानायचा ते सांगता येते. मात्र या उपायांची मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. वरच्या उदाहरणात दोन प्रतींत दिसणारा फरक वीस मिनिटांचा होता, एक तासाचा नव्हता. ‘डीएसटी’ स्विच तेथे कामाचा नाही. तो फुकटची कॉपी वाचवतो. घड्याळ बदलण्याच्या आसपास नव्हे, तर फाईल बदलण्याच्या आसपास जो तास असतो, त्यातील गोंधळ त्याला सोडवता येत नाही. अशा वेळी वेळेऐवजी फाईलच्या मजकुराची तुलना करणे हाच भरवशाचा मार्ग. आरसिंकमध्ये ‘चेकसम’ हा पर्याय त्यासाठीच आहे. तो संथ आहे, पण घड्याळ पाहत नाही.

एनटीएफएसवर नोंद बरोबर, तरी वेळ वेगळी

वाचकांपैकी ज्यांनी विंडोज एक्सपी वापरले आहे त्यांना आणखी एक कोडे पडले असेल. युरोप-अमेरिकेतील वापरकर्त्यांना तेथे एनटीएफएसवरील फाईलींच्या वेळाही ऋतूनुसार बदललेल्या दिसत. लिस्बनमध्ये १५ जानेवारीला सकाळी १० वाजता साठवलेली फाईल जुलैमध्ये पाहिली की तिच्यावर ११ वाजल्याचे दिसे. नोंद हललेली नसे. ती १०:०० यूटीसीच होती. विंडोज ती स्थानिक वेळेत दाखवताना आजचे अंतर मिळवत असे, मग फाईल कोणत्याही महिन्यातील असो. लिनक्सची रीत वेगळी होती आणि आहे. त्या फाईलच्या तारखेला जो नियम लागू होता तो पाहून तो वेळ दाखवतो, म्हणून जानेवारीची फाईल बारा महिने १० वाजताचीच दिसते. २००९ साली आलेल्या विंडोज ७ पासून विंडोजच्या एक्सप्लोररनेही हीच रीत स्वीकारली. जुन्या आणि नव्या विंडोजवर एकाच फाईलची छायाचित्रे काढून त्यांची तुलना केली तर एक तासाचा फरक दिसू शकतो तो यामुळे.

विंडोजने आधीची रीत निव्वळ निष्काळजीपणाने निवडली असे म्हणणे अन्यायाचे होईल. आजचेच अंतर सर्वत्र वापरले तर यूटीसीतून स्थानिक वेळ आणि स्थानिक वेळेतून पुन्हा यूटीसी असा प्रवास नेहमी बिनचूक होतो. तारखेनुसार अंतर बदलले तर वर्षातील एका तासाबाबत हा परतीचा प्रवास अशक्य होतो. तो तास कोणता ते पुढे पाहू.

या रीतीचा जाच सर्वाधिक झाला तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना. सीव्हीएस या जुन्या प्रणालीत प्रोग्रॅमच्या मजकुराच्या आवृत्त्या सांभाळल्या जात आणि फाईल बदलली की नाही हे तिच्या वेळेवरून ओळखले जाई. विंडोजवर तिच्यासाठी असलेल्या विनसीव्हीएसमध्ये बदललेल्या फाईली लाल रंगात दिसत. घड्याळ बदलल्यानंतर संपूर्ण प्रकल्प लाल होऊन जाई आणि बिचारे प्रोग्रॅमर आपण काय बदलले ते शोधत बसत. ‘लाल फाईलींचा दोष’ या नावाने तो त्या वर्तुळात प्रसिद्ध होता.

दोनदा येणारा तास

२५ ऑक्टोबर २०२६ रोजी पहाटे लिस्बनमध्ये १ वाजून ५९ मिनिटे होतील आणि पुढच्या मिनिटाला घड्याळ पुन्हा १ दाखवील. १ ते २ हा तास त्या रात्री दोनदा येईल. पहिल्या फेरीत १:४५ ला साठवलेली फाईल आणि त्यानंतर अर्ध्या तासाने, दुसऱ्या फेरीत १:१५ ला साठवलेली फाईल, यांच्या वेळा पाहिल्या तर नंतरची फाईल आधीची वाटेल. एनटीएफएस किंवा एक्स्ट-४ वर त्यांच्या नोंदी ००:४५ आणि ०१:१५ यूटीसी अशा असतील. वेळेनुसार क्रम लावला तर तो बरोबरच लागेल, फक्त डोळ्यांना उलटा दिसेल. फॅटवर मात्र हा क्रम कायमचा हरवतो. १:१५ म्हणजे कोणते १:१५ हे सांगणारी खूण कोठेच नाही आणि नंतर कितीही हुशार प्रोग्रॅम वापरला तरी ती निर्माण करता येत नाही. मार्चमध्ये याच्या उलट होते. २९ मार्च २०२६ रोजी लिस्बनच्या घड्याळात पहाटे १ ते २ हा तासच नव्हता. त्या तासातील वेळ मिरवणारी फाईल दिसली तर ती दुसऱ्या देशातील घड्याळावर लिहिली गेली आहे किंवा तिची वेळ कोणीतरी हाताने बदलली आहे, असे समजावे.

अमेरिकेत बदल वेगळ्या रविवारी होतो: २००७ पासून मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला, आणि तोही प्रत्येक पट्ट्यात तेथील पहाटेच्या दोन वाजता. न्यूयॉर्कमध्ये १ नोव्हेंबर २०२६ रोजी घड्याळ मागे जाईल तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेअकरा वाजलेले असतील. तिकडच्या सर्व्हरवर काम करणाऱ्या आपल्या तरुणांना ऑक्टोबरच्या अखेरचा आठवडा विशेष तापदायक जातो, कारण त्या आठवड्यात युरोप मागे गेलेला असतो आणि अमेरिका अजून जायची असते.

लिस्बनचे कार्ड, पणजीचा संगणक

आपल्या वाचकांना हा विषय बहुधा छायाचित्रांच्या वाटेने भेटेल. परदेशातील घरच्या समारंभाला कोणी जाऊन येते, कॅमेऱ्याचे कार्ड घरी आणते आणि येथील संगणकात घालते. कार्डावर फॅट असेल तर लिस्बनमध्ये दुपारी २:३० ला घेतलेले छायाचित्र येथेही २:३० चेच दिसते, आणि संगणक ती भारतीय वेळ समजून ९:०० यूटीसी असा तिचा अर्थ लावतो. खरी वेळ उन्हाळ्यात १:३० यूटीसी आणि हिवाळ्यात २:३० यूटीसी, दोन्ही दुपारच्या. म्हणजे चूक एक तासाची राहिली नाही. ती साडेचार किंवा साडेपाच तासांची झाली. त्याच समारंभाची फोनवर घेतलेली छायाचित्रे त्यांच्यात मिसळली की केक कापल्यानंतर पाहुणे येऊ लागतात.

सगळ्या छायाचित्रांच्या वेळा एकदम सरकवून देणारे प्रोग्रॅम मिळतात. परंतु ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे एकाच कार्डावर असतील तर सरसकट एकच अंतर लावू नये. आधी हेही पाहावे की कॅमेऱ्याचे घड्याळ त्या रविवारी कोणी बदलले होते का. साधे कॅमेरे ते आपणहून बदलत नाहीत, आणि अनेकदा ते महिनाभर, नाहीतर भारतातून निघाल्यापासून, तसेच चालू राहिलेले असते.

कार्डाची क्षमता पाहिली की थोडा अंदाज बांधता येतो. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर प्रमाणित रचना फॅट-३२ ची असते, त्याहून मोठ्या एसडीएक्ससी कार्डांवर एक्सफॅटची. एक्सफॅटमध्ये स्थानिक वेळेसोबत यूटीसीपासूनचे अंतर लिहिण्याची सोय केलेली आहे. हे अंतर पंधरा मिनिटांच्या एककात मोजतात. उन्हाळ्यातील लिस्बनचे अंतर ४ एकके, हिवाळ्यातील ०, भारताचे २२ आणि पावणेसहा तास पुढे असलेल्या नेपाळचे २३. ही रचना करणाऱ्यांना आपल्या अर्ध्या तासाची आठवण राहिली, याचे समाधान वाटते. अडचण एवढीच की अंतर लिहिलेच पाहिजे अशी सक्ती नाही. ‘हा आकडा ग्राह्य धरा’ असे सांगणारा एक बिट वेगळा ठेवलेला आहे आणि यंत्राने तो कोराच सोडला तर एक्सफॅटही फॅटसारखीच वागते.

छायाचित्राच्या पोटातही वेळ लिहिलेली असते. एक्झिफ नावाच्या या नोंदीत दीर्घकाळ स्थानिक वेळ तेवढीच असे. २०१६ सालच्या २.३१ या आवृत्तीत यूटीसीपासूनचे अंतर लिहिण्यासाठी स्वतंत्र रकाने आले. ते रकाने भरलेले असतील तर फाईलवरची वेळ बाजूला ठेवून तेच प्रमाण मानावेत. फाईलवरची वेळ कॉपी करताना बदलू शकते. पोटातील नोंद सामान्यतः कॉपीने बदलत नाही.

झिप फाईलींचा दोष फॅटचाच आहे, कारण त्यांच्या मूळ रचनेत डॉसचीच वेळ आहे, दोन सेकंदांच्या पावलांसह. पुष्कळ साधने सोबत यूटीसीची जादा नोंद जोडतात, सगळी नाही. टार या युनिक्सच्या रचनेत १९७० पासूनचे सेकंद असल्याने ती या भानगडीतून सुटलेली आहे.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही बसवणाऱ्यांनी संगणकाच्या आतल्या घड्याळाकडेही पाहावे. विंडोज त्यात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स सामान्यतः यूटीसी. आपल्याकडे याचा परिणाम साडेपाच तासांच्या फरकाने लगेच दिसतो आणि म्हणून लवकर दुरुस्त होतो. उन्हाळी घड्याळाच्या देशात दोघांनाही स्थानिक वेळ ठेवायला सांगितले तर ऑक्टोबरमध्ये एकदा विंडोज घड्याळ मागे करते आणि नंतर लिनक्सही करते. दोघांना यूटीसी मानायला लावणे श्रेयस्कर.

तुलना कशी करावी

दोन प्रणालींवरील वेळा पडद्यावर जशा दिसतात तशा एकमेकींसमोर ठेवून निष्कर्ष काढू नये. दोन्हीकडून यूटीसीतील वेळ काढून घ्यावी. विंडोजमध्ये पॉवरशेलला फाईलचा ‘लास्ट-राइट-टाइम-यूटीसी’ हा गुणधर्म विचारता येतो. लिनक्स आणि मॅकवर टर्मिनलमध्ये ‘टीझेड’ या चलाचे मूल्य यूटीसी करून नेहमीचीच यादी मागवली की पुरते. लिनक्सवर ‘स्टॅट’ ही आज्ञा वेळेसोबत अंतरही दाखवते. यातील एक बाजू फॅटची असेल तर मिळालेल्या यूटीसीवरही विसंबू नये. तेव्हा कार्डावर लिहिलेली मूळ स्थानिक वेळ घ्यावी, ते यंत्र त्या दिवशी कोणत्या गावी आणि कोणत्या घड्याळावर चालत होते ते विचारावे आणि हिशेब स्वतः करावा. लिनक्सवर फॅटचे कार्ड जोडताना ‘टाइम-ऑफसेट’ हा पर्याय मिनिटांत देता येतो; उन्हाळ्यातील लिस्बनसाठी तो ६० मिनिटांचा. मात्र तो संपूर्ण कार्डाला एकच लागतो.

फरक नेमका एक तासाचा असेल तर संशय घड्याळावर घ्यावा. साडेचार किंवा साडेपाच तासांचा असेल तर देशाच्या अंतरावर. एक-दोन सेकंदांचा असेल तर फॅटच्या किंवा झिपच्या पावलांवर. सत्तावीस मिनिटांसारखा कोणताही फरक असेल तर बहुधा फाईल खरोखरच बदललेली असते, पण वर पाहिल्याप्रमाणे त्यातही एक तास लपलेला असू शकतो.

आणखी एक गोष्ट अनेकांना चकवते. विंडोजमध्ये फाईल कॉपी केली की नव्या प्रतीची निर्मितीची वेळ कॉपी केल्याच्या क्षणाची होते, बदलाची वेळ मात्र जुनीच राहते. त्यामुळे ‘बदल’ हा ‘निर्मिती’च्या आधीचा दिसतो. हे बनावटीचे लक्षण नव्हे. लिनक्सची साधी ‘सीपी’ आज्ञा याउलट बदलाची वेळही आजची करते. जुनी राखायची तर तिला तसे सांगावे लागते.

या तपशिलाला न्यायालयात महत्त्व येते. १ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात द्यायची तर तिच्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाईलचे हॅशमूल्य लिहावे लागते. हॅशमूल्य फाईलच्या मजकुरावरून निघते. फाईलव्यवस्थेने ठेवलेली वेळ त्यात धरली जात नाही, म्हणून हॅश जुळला तरी वेळ सिद्ध होत नाही. मालमत्तेच्या वादात लिस्बनहून आलेले एखादे स्कॅन किंवा ध्वनिमुद्रण सादर होते आणि ते अमुक बैठकीच्या आधीचे की नंतरचे यावर सर्व काही अवलंबून असते, तेव्हा मूळ कार्ड जपून ठेवणे, ते फॅटचे की एक्सफॅटचे हे लिहून ठेवणे आणि यंत्राच्या घड्याळाची वेळ त्याच दिवशी खऱ्या वेळेशी ताडून पाहणे, एवढे केले तरी पुढचा बराच वाद टळतो. पडद्याच्या छायाचित्रावरून एका तासाचा युक्तिवाद कोणी करू लागला तर ते कोणत्या विंडोजवर आणि कोणत्या महिन्यात काढले, हे विचारण्याचा अधिकार समोरच्याला आहे.

जुन्या फाईली आणि जुने नियम

नियम स्थिर असते तर हे सर्व पाठ करून ठेवता आले असते. ते स्थिर नाहीत. पोर्तुगालचेच पाहा. सप्टेंबर १९९२ मध्ये त्या देशाने मध्य युरोपची वेळ स्वीकारली आणि मार्च १९९६ मध्ये ती सोडून तो पुन्हा लंडनच्या जोडीला आला. जुलै १९९४ मधील एखाद्या फाईलवर १२:०० यूटीसी अशी नोंद असेल तर तेव्हा लिस्बनच्या भिंतीवर २ वाजले होते. ज्या संगणकाला पोर्तुगालचा फक्त आजचा नियम माहीत आहे, तो १ वाजल्याचे दाखवील. ब्रिटिश हिंदुस्थानातही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या अवधीत, घड्याळ एक तास पुढे ठेवलेले होते. त्या काळातील फाईली अर्थातच नाहीत, पण जुन्या कागदपत्रांच्या वेळा संगणकात भरणाऱ्यांना हा तास भेटतो.

जगातील अशा सर्व नियमांची नोंदवही म्हणजे टीझेड डेटाबेस. १९८० च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती सुरू केली, पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळली आणि २०११ पासून ती इंटरनेटवरील क्रमांकांची व्यवस्था पाहणाऱ्या आयाना या संस्थेच्या छत्राखाली आहे. लिनक्स, मॅक आणि अँड्रॉइड तिचाच आधार घेतात. भारताची वेळ त्यात ‘एशिया/कोलकाता’ या नावाने आहे. ब्राझीलने २०१९ मध्ये आणि मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतांश भागांतील उन्हाळी घड्याळ बंद केले, तेव्हा ज्यांच्या संगणकांना ही नोंदवही वेळेवर मिळाली नाही त्यांची घड्याळे ठरल्या रविवारी नसलेला बदल करून मोकळी झाली. युरोपीय संसदेनेही २०१९ मध्ये हा प्रकार थांबवण्याच्या बाजूने मत दिले होते. सदस्य देशांचे एकमत न झाल्याने तो निर्णय अमलात आलेला नाही. उद्या तो आला, तरी आजवर पेनड्राइव्हांवर आणि कार्डांवर लिहिल्या गेलेल्या वेळा वाचण्यासाठी जुन्या रविवारांची यादी हाताशी ठेवावीच लागेल.